बारडोलीचे पक्के घर आणि जमिनीचे मोल



बारडोली म्हटले की सरदार वल्लभभाई पटेल आणि १९२८ चा सत्याग्रह एवढेच बहुतेकांस आठवते. त्या लढ्याच्या मुळाशी जो प्रश्न होता तो मात्र बहुधा मागेच राहतो. तो प्रश्न जमिनीच्या किमतीचा होता. एखाद्या तालुक्यात जमिनीचे भाव चढले, खंड वाढला, गावोगाव विटांची दुमजली घरे उभी राहिली, तर तेथील शेतकरी सधन झाला असे समजावे काय? सरकारने ‘होय’ म्हटले, तालुक्याने ‘नाही’ म्हटले, आणि या दोन उत्तरांतून पुढचा सारा इतिहास घडला. या गोष्टीला आता शंभर वर्षे होत आली. बारडोलीत जमिनीचे व घराचे मोल कशावरून ठरवावे हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही; वाद घालणारे तेवढे बदलले आहेत.

खानदेशातील लोकांना बारडोली परकी नाही. नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा आणि मग बारडोली, असा सुरतेकडे जाणारा लोहमार्ग आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाने तो १९०० च्या सुमारास सुरू झाला. सोनगडच्या बाजूने येणारी मींढोळा नदी बारडोली गावाला लागून पश्चिमेकडे समुद्राला मिळते. उत्तरेस तापी आहे. या नद्यांच्या परिसरातील काळी, खोल, कापसाची जमीन म्हणजे जुना बारडोली तालुका. १ मे १९६० पर्यंत हा भाग आणि महाराष्ट्र एकाच राज्यात नांदत होते. तलाटी, सात-बारा, आठ-अ, गावठाण, बिनशेती हे शब्द आजही दोन्हीकडे थोड्याफार फरकाने तेच आहेत, कारण दोन्हीकडचे दप्तर एकाच मुंबई इलाख्याच्या कचेरीतून निघाले आहे.

रयतवारी पद्धतीत दर ३० वर्षांनी जमीन महसुलाची फेरआकारणी होत असे. बारडोलीची आधीची आकारणी १८९६ ची होती. तिची मुदत संपत आली तेव्हा डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांच्याकडे नव्या आकारणीचे काम आले. (प्रसिद्ध बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ते हे नव्हेत.) त्यांनी १९२५ मध्ये अहवाल दिला आणि तालुक्याचा महसूल ५,१४,७६२ रुपयांवरून ६,७२,२७३ रुपयांवर न्यावा अशी शिफारस केली. वाढ सुमारे ३० टक्क्यांची होती. या वाढीची कारणे वाचताना आजही कुतूहल वाटते. तालुक्यात रेल्वे आली आहे, लोकसंख्या वाढली आहे, दुभती जनावरे व गाड्या वाढल्या आहेत, धान्याचे व कापसाचे भाव चढले आहेत, मजुरी वाढली आहे, जमिनीची किंमत वाढली आहे आणि नवीन पक्की घरे बांधली गेली आहेत. थोडक्यात, लोकांची राहणी सुधारली आहे, सबब त्यांनी अधिक सारा द्यावा.

वरवर पाहता यात खोटे काहीच नव्हते. घरे खरोखरीच बांधली गेली होती. परंतु ती कशाच्या पैशावर बांधली, हा प्रश्न अहवालाने विचारला नाही. बारडोलीच्या गावांतून पाटीदारांची व मुसलमान वोरांची मुले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत व्यापारासाठी जात होती. तेथे मिळविलेली पुंजी घेऊन माणूस परतला म्हणजे पहिली गोष्ट तो घर बांधण्याची करी आणि दुसरी जमीन घेण्याची. जमीन घेताना तो उत्पन्नाचा हिशेब करीत नसे. भाऊबंदांत मान राहावा, मुलाच्या लग्नाच्या वेळी अमुक विघे जमीन घरची आहे असे सांगता यावे, परदेशी काही विपरीत घडले तर परतण्यास ठिकाण असावे, या विचाराने तो भाव देई. गावात विक्रीस निघणारे तुकडे मोजके आणि घेणारे त्याहून अधिक, तेव्हा किंमत चढणारच. त्या किमतीचा त्या शेतात पिकणाऱ्या कापसाशी संबंध फार थोडा होता. ज्याचा कोणीही आप्त परदेशी गेलेला नव्हता अशा शेतकऱ्याला मात्र शेजाऱ्याने दिलेल्या भावामुळे अधिक सारा भरावा लागणार होता.

सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी हा अहवाल जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांनी पुष्कळशी कारणे बाजूस सारून सर्व भर खंडावर दिला. शेतकरी दुसऱ्याची जमीन करण्यासाठी किती खंड देतो, यावरून जमिनीतून निव्वळ किती सुटते हे कळते, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून हे चुकीचे म्हणता येणार नाही. चूक आकड्यांत होती. खंडपत्रे म्हणून ज्यांची नोंद झाली होती त्यांतील कित्येक वस्तुतः कर्जव्यवहार होते. शेतकऱ्याने सावकाराला जमीन गहाण किंवा सशर्त खरेदीने लिहून द्यायची आणि तीच जमीन खंडाने परत करायला घ्यायची; कागदावर जो खंड दिसतो तो खरोखरी कर्जावरील व्याज असतो. व्याजाचा आकडा खंडाच्या रकान्यात पडला की तो जमिनीच्या सुपीकतेचा पुरावा होऊन बसतो. जो आकडा पुढे वरच्या कचेरीत तख्त्यात बसणार आहे तो मूळ रकान्यात कोणी व कसा लिहिला, याकडे आजही पुरेसे लक्ष दिले जात नाही, ही गोष्ट महसूल खात्यातील मंडळी मनातल्या मनात मान्य करतील.

अखेर १९२७ मध्ये सरकारने सुमारे २२ टक्के वाढ कायम केली. त्यापूर्वी नरहरि परीख यांनी लेख लिहून अहवालातील विसंगती दाखवून दिल्या होत्या. कायदे कौन्सिलातही गाऱ्हाणी मांडली गेली. उपयोग झाला नाही. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीच्या शेतकरी परिषदेने सारा न भरण्याचा ठराव केला.

पुढील सहा महिन्यांत जे घडले ते बहुतेकांनी वाचलेले असते. तथापि त्यात घराने बजावलेली कामगिरी सहसा कोणी सांगत नाही. दक्षिण गुजरातेतील शेतकऱ्याचे जुने घर अरुंद व खूप लांब असते. पुढे ओटा, आत गुरांची जागा, त्यापलीकडे माणसांची राहण्याची जागा, शेवटी स्वयंपाकघर आणि परसू. माणसे आणि गुरे एकाच आढ्याखाली. जप्तीचे अधिकारी पठाणांना घेऊन गावात येऊ लागले तेव्हा गावेच्या गावे दारांना कड्या लावून आत बसली. म्हशी बाहेर दिसल्या की जप्त होत, म्हणून त्यांनाही महिनोन् महिने आतच बांधून ठेवण्यात आले. अंधारात राहून म्हशींचा रंग फिकट पडला. वल्लभभाईंनी सभेत त्यावर विनोद केला की, बारडोलीच्या म्हशी आता गोऱ्या मडमा झाल्या आहेत. हसू येते खरे. परंतु उन्हाळ्याच्या दिवसांत बंद घरात जनावरांसह राहणे म्हणजे काय हे ज्यांनी खेड्यात उन्हाळा काढला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. जनावरांत रोग पसरले. घर पक्के असल्यामुळे शेतकरी श्रीमंत ठरला होता, आणि घर पक्के असल्यामुळेच त्याला आत दार लावून टिकाव धरता आला.

जमिनी जप्त झाल्या. काही विकल्याही गेल्या, आणि त्या अगदी मातीमोल भावाने. ज्या जमिनीची किंमत फार वाढली आहे असे म्हणून सारा वाढविला होता, तीच जमीन सरकारने स्वतः विकावयास काढली तेव्हा गावातील एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही. बाहेरच्या काहींनी ती घेतली. त्यांना मजूर मिळेना, बैल मिळेना, शेजारच्या विहिरीचे पाणी मिळेना. कागदावरची मालकी आणि गावाच्या संमतीने वहिवाटता येणारी जमीन या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे त्या खरेदीदारांना फार लवकर उमजले.

ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड व महसुली अधिकारी मॅक्सवेल यांची चौकशी समिती नेमली गेली. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच हे ब्रूमफील्ड. समिती गावोगाव फिरली. शेतकऱ्यांच्या वतीने भुलाभाई देसाई, महादेवभाई देसाई, नरहरि परीख यांनी बाजू मांडली. खंडाचे जे आकडे आधार म्हणून घेतले होते ते विश्वसनीय नाहीत, त्यांची पुरेशी छाननीच झालेली नव्हती, असे समितीला आढळून आले. २२ टक्क्यांऐवजी ६.०३ टक्के वाढ पुरेशी आहे असा निर्णय तिने १९२९ मध्ये दिला. येथे दोन्ही बाजूंना न्याय द्यावयास हवा. सरकारनेच नेमलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी सरकारच्या हिशेबातील चूक लेखी मान्य केली. वाढ शून्यावर आणली नाही, हेही तितकेच खरे.

१९३० नंतरच्या कायदेभंगात पुन्हा जप्त्या झाल्या. या वेळी कित्येक पाटीदार कुटुंबे घरे सोडून बडोदा संस्थानच्या हद्दीत जाऊन राहिली. ब्रिटिश मुलखाची आणि गायकवाडी मुलखाची गावे तेथे एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे हद्द चालत ओलांडता येई. विकल्या गेलेल्या जमिनी बरीच वर्षे परत मिळाल्या नाहीत. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई महसूलमंत्री झाले, आणि १९३८ मध्ये जप्त जमिनी परत करण्याचा कायदा झाला, तेव्हा हे प्रकरण मिटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तापीकाठच्या हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते.

येथवरची हकीकत ज्यांच्याजवळ जमीन होती त्यांची झाली. बारडोलीत ज्यांच्याजवळ ती नव्हती असे लोक संख्येने थोडे नव्हते. पाटीदार व अनाविल यांच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या राबणारे दुबळा जमातीचे लोक ‘हाळी’ म्हणून ओळखले जात. लग्नासाठी धन्याकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फेडण्यासाठी आयुष्यभर त्याच्याकडे राबावयाचे, ही हाळी पद्धत. कर्ज बहुधा फिटत नसे; मुलगा बापाच्या जागी उभा राही. हाळ्याची झोपडी धन्याच्या जमिनीवर असे, म्हणजे झोपडीखालची वीतभर जागाही त्याची नसे. जयकरांनी मोजलेल्या पक्क्या घरांत त्याचे घर नव्हते, आणि सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनीत त्याची जमीन नव्हती. ‘दुबळा’ हे नाव टाकून ‘हळपती’, म्हणजे नांगराचा धनी, हे नाव गांधीयुगात रूढ झाले. सत्याग्रहाच्या गावात हे घडले ते योग्यच झाले. परंतु नाव बदलल्यानंतर नांगराखाली जमीन येण्यास फार उशीर लागला, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती आलीच नाही. स्वातंत्र्यानंतर हाळी पद्धत नाहीशी झाली. घरासाठी गावठाणात जागा देण्याच्या आणि हळपतींना घरे बांधून देण्याच्या योजना गुजरात शासनाने राबविल्या. आज बारडोली तालुक्यातील कोणत्याही गावी गेले तर गावाच्या एका बाजूस परदेशी पैशाचे बंगले आणि दुसऱ्या बाजूस हळपतींची एकसारखी छोटी घरे दिसतात. २००९ च्या निवडणुकीपासून बारडोली नावाचा जो लोकसभा मतदारसंघ आहे, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, ही गोष्टही पाहुण्याला चकित करून जाते.

जमिनीच्या मोलात दुसरी मोठी उलथापालथ पाण्याने केली. तापीवर काकरापार येथे १९५४ मध्ये बंधारा पुरा झाला आणि डाव्या कालव्याचे पाणी बारडोलीकडे वळले. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, बारडोलीलगतच्या बाबेन येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाल्यावर पाण्याची शाश्वती आणखी वाढली. या धरणाच्या पाण्याखाली आपल्याकडील नवापूर तालुक्याचीही काही जमीन गेली, हे सुरत जिल्ह्यातील उसाकडे पाहताना विसरता येत नाही. कापूस व ज्वारी मागे पडली, ऊस पुढे आला. जयकरांच्या काळी जमिनीची किंमत उत्पन्नाशिवाय वाढली होती. आता ती उत्पन्नामुळे वाढली. विघ्याचे माप गुजरातेत प्रदेशाप्रदेशाने बदलते, त्यामुळे दराची तुलना करणे अवघड जाते. परंतु कालव्याखालची जमीन आणि कोरडवाहू जमीन यांच्या भावांतील अंतर कोणत्याही मापाने मोजले तरी मोठेच निघे. कारखान्याचे सभासदत्व, उसाची नोंद, वेळेवर मिळणारे हप्ते, यांमुळे शेतकऱ्याच्या घरात नियमित पैसा येऊ लागला आणि मुले शिक्षणासाठी सुरत, वल्लभ विद्यानगर येथे जाऊ लागली.

पाण्याने दिले तसे काही नेलेही. उसाला पाणी भरपूर आणि निचऱ्याची सोय अपुरी, त्यामुळे कालव्याखालच्या काही भागांत पाण्याची पातळी वर आली, जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. आपल्याकडे सांगली, सातारा, कोल्हापूरच्या नदीकाठी जे घडले तेच तेथे घडले. शेताचा कस गेला तरी त्या शेताला भाव मिळतो, कारण ते रस्त्याला लागून आहे. आणि भाव मिळतो म्हणून निचऱ्याचे चर खणण्याकडे कोणी लक्ष देत नाही. येथे पुन्हा एकदा किंमत आणि उत्पन्न यांची फारकत होऊ लागते.

त्या उसाची तोडणी कोण करते? दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक जिल्ह्यांतील आणि डांगातील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन सुरत जिल्ह्यात उतरतात. नवराबायकोच्या जोडीला तेथेही ‘कोयता’च म्हणतात, माणसाला अवजाराचे नाव मिळते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील मजुरांचा १९६० नंतर अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी नोंदविलेली एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे: बारडोलीत हळपती कामावाचून बसलेले असताना ऊसतोडीसाठी मजूर खानदेशातून आणले जातात, कारण घरदार सोडून आलेला, उचलीने बांधला गेलेला माणूस रात्री-अपरात्री कामाला हजर होतो. ही कुटुंबे पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या पालांत राहतात. पालाची जागा त्यांची नसते, पाण्याचा नळ दूर असतो, आणि हंगाम एप्रिल-मेपर्यंत चालतो. प्रगत सहकारी क्षेत्र म्हणून ज्या तालुक्याची वाखाणणी होते, तेथील घरांच्या गणतीत ही पाले धरावीत की नाही, हा प्रश्न जयकरांच्या पक्क्या घरांच्या गणतीइतकाच महत्त्वाचा आहे. शिक्षकवर्गाला याची दुसरी बाजू ठाऊक आहे. नवापूर, नंदुरबार, साक्री भागातील शाळांत दिवाळीनंतर पट रिकामा होतो. थोरला मुलगा पालाशी धाकट्याला सांभाळतो, मुलगी वाढे गोळा करते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाला शाळा दिली. परंतु मराठीत शिकणारे मूल गुजराती शाळेच्या गावात सहा महिने राहते तेव्हा तो हक्क कोणत्या भाषेत बजावावा, याचे उत्तर दोन राज्यांच्या शिक्षकांनीच मिळून शोधावयाचे आहे. काही ठिकाणी तसे प्रयत्न झालेही आहेत.

आता आजच्या बारडोलीकडे वळू. सुरत शहर हिरे व कापड यांच्या जोरावर चहूबाजूंनी वाढले. बारडोली तेथून ३०-३५ किलोमीटरवर, हजीरा-धुळे महामार्गावर आहे. बुलेट ट्रेनचे सुरतेचे स्थानक शहरात नव्हे तर अंत्रोली येथे उभे राहत आहे, म्हणजे बारडोलीच्या बाजूसच. तेव्हा सुरतेत नोकरी वा धंदा करावा आणि मोकळ्या हवेसाठी बारडोलीत घर घ्यावे, अशी ओढ निर्माण झाली. शेते बिनशेती झाली, त्यांवर भूखंड पडले, बंगल्यांच्या वसाहती व एकास एक लागून असलेली घरे उठली. बारडोलीची राहणी सुखाची आहे यात शंका नाही. संध्याकाळी ओट्यावर किंवा अंगणात झोपाळ्यावर बसून गप्पा होतात. हिवाळ्यात ज्वारीचा कोवळा पोंक, म्हणजे आपला हुरडा, शेव व लिंबू यांसह खाल्ला जातो. बाजारातून पात्रा, म्हणजे अळूवडी, बांधून घरी नेली जाते. ज्वारी मागे पडून ऊस आला, त्यामुळे पोंक आता घरच्या शेतातून न येता विकत आणावा लागतो, एवढाच फरक.

दुसरी ओढ परदेशाची. दक्षिण आफ्रिकेनंतर पूर्व आफ्रिका, मग इंग्लंड, न्यूझीलंड, अमेरिका असा या तालुक्यातील लोकांचा प्रवास झाला. अमेरिकेत महामार्गांवरील निवासगृहांचा धंदा ज्या गुजरात्यांनी हाती घेतला त्यांत सुरत-बारडोलीकडील पटेल पुष्कळ आहेत. ही मंडळी डिसेंबर-जानेवारीत लग्नकार्यांसाठी येतात. तेव्हा रस्ते गाड्यांनी भरतात, जमिनीची बोलणी होतात, भाव ठरतात. उरलेले नऊ-दहा महिने कित्येक बंगले बंद असतात आणि झाडलोट करण्यासाठी त्यांची किल्ली गावातील एखाद्या हळपती कुटुंबाकडे राहते. परकीय चलनविषयक नियमांनुसार परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा शेतघर विकत घेता येत नाही. वडिलार्जित शेतजमीन वारसाने मिळू शकते. साहजिकच बाहेरचा पैसा बिनशेती भूखंडांवर व घरांवर येऊन पडतो आणि गावातच नोकरी करणारा शिक्षक, ग्रामसेवक, कारखान्यातील कामगार यांच्या आवाक्याबाहेर भाव जातो. १९२५ साली परदेशातील पैशाने शेजाऱ्याचा सारा वाढत होता. आज त्याच पैशाने शेजाऱ्याच्या मुलाला घर घेणे अवघड होते.

सरकारी दराची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे मुद्रांक शुल्कासाठी वार्षिक बाजारमूल्य दरतक्ता असतो, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात. गुजरातेत त्याला जंत्री म्हणतात. तेथील जंत्री २०११ मध्ये ठरल्यावर बारा वर्षे तशीच राहिली आणि १५ एप्रिल २०२३ पासून एकदम दुप्पट झाली. बारा वर्षे दर न बदलता प्रत्यक्ष भाव वाढत राहिला, म्हणजे कागदावरची किंमत आणि हातात पडणारी किंमत यांत फरक पडला. असा फरक असला की सरकारचे शुल्क बुडते हे खरे. पण भूसंपादनात ज्याची जमीन जाते त्याला मोबदल्याचा हिशेब याच कागदांवरून होतो, तेव्हा कागदावर भाव कमी दाखविण्याची सवय उलटून शेतकऱ्याच्याच अंगावर येते. द्रुतगती मार्ग व बुलेट ट्रेन यांसाठी सुरत जिल्ह्यात भूसंपादन झाले त्या वेळी मोबदल्याचा प्रश्न शेतकऱ्यांनी जोराने मांडला.

जगात अन्यत्र हा पेच कसा सोडविला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील नदीकाठची लहान शहरे या बाबतीत बारडोलीच्या जवळची वाटतात; शेतीच्या उत्पन्नावर वाढलेली, मोठ्या शहरातून निवांतपणासाठी लोक ज्यांच्याकडे वळतात अशी. तेथील क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स या राज्यांत नगरसंस्थेचा कर मुख्यत्वे मोकळ्या जमिनीच्या किमतीवर बसतो. तिच्यावर झोपडी आहे की बंगला हे पाहिले जात नाही. पक्के घर बांधले म्हणून कर वाढत नाही, आणि जमीन नुसती अडवून ठेवली म्हणून कर वाचतही नाही. दुसरी गोष्ट मालकीची. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये असा कायदा करविला की, सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि त्या नोंदीची हमी सरकारची. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, सात-बारावर नाव लागते, परंतु विरुद्ध पुरावा आल्यास ती नोंद डळमळते. म्हणून येथे भूखंड घेणाऱ्याला मागची तीस वर्षे चाळावी लागतात. तिसरी गोष्ट पुराची. मरमबिजी नदीच्या काठी सपाट जागेवर वसलेले गंडागाई गाव जून १८५२ च्या पुरात वाहून गेले. त्या नदीची चाल तेथील आदिवासींना ठाऊक होती. सालीच्या होड्यांतून त्यांनीच अनेक गोऱ्या वसाहतवाल्यांचे प्राण वाचविले. पुढे गाव उंचावर पुन्हा वसविण्यात आले. मींढोळेचे पात्र उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तिच्या पावसाळी रूपाची कल्पना येत नाही, आणि भूखंड बहुधा उन्हाळ्यातच दाखविले जातात. महाराष्ट्रात निळी व लाल पूररेषा आखण्यात येते ती याचसाठी. ती नकाशा मागवून पाहण्याची तसदी मात्र फार थोडे गिऱ्हाईक घेते.

कायद्याच्या काही बाबी दोन्ही राज्यांत समान आहेत, कारण दोहोंचे मूळ मुंबईचा १९४८ चा कूळकायदा हे आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कुळाला मिळालेली किंवा शासनाने दिलेली नव्या शर्तीची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर गुजरातेत महसूल अधिनियमाच्या ७३ अअ आणि महाराष्ट्रात ३६ व ३६अ या कलमांनी बंधने घातली आहेत. बारडोलीच्या पूर्वेस व्यारा, सोनगड आणि पुढे नवापूर हा सारा आदिवासी मुलूख आहे, आणि महामार्गालगतच्या जमिनीला भाव आला की या कलमांना बगल देण्याचे मार्गही शोधले जातात: नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, कुलमुखत्यारपत्र, दुसऱ्याच्या नावाने खरेदी. १९२५ साली गहाणाची नोंद खंडाच्या रकान्यात गेली होती. आज विक्रीची नोंद भाड्याच्या रकान्यात जाते. तलाठ्याने फेरफार घेण्यापूर्वी शेतावर जाऊन वहिवाट कोणाची आहे हे पाहिले, गावात चावडीवर नोटीस खरोखरीच लावली आणि वाचून दाखविली, तर यातील बरेच प्रकार तेथल्या तेथे थांबतात. नोटीस लावली असे लिहिणे आणि लावणे यांतील अंतर ग्रामस्थांनाही चांगले ठाऊक असते.

बारडोलीचा स्वराज आश्रम आजही उभा आहे. आसपासच्या वस्त्यांतून आता दिवसभर बांधकामाचे आवाज येतात. त्या बांधकामांवर राबणाऱ्यांतही मराठी व अहिराणी बोलणारी माणसे आढळतात. मे महिन्यात कारखान्याचे गाळप संपते, पाले मोडली जातात, ट्रक व रेल्वेने कुटुंबे नंदुरबारकडे परततात, आणि जूनमध्ये शाळा उघडली की हजेरीपटावर तीच नावे पुन्हा लिहिली जातात, काही त्याच इयत्तेत.